वेस्टमोरलंड काउंटी, व्हर्जिनिया : लाँग वीकेंडला बघितलेली जुनी घरं आणि रिकाम्या जागा

नॉर्दर्न व्हर्जिनियात आपली मराठी मंडळी चिक्कार, आणि घरी भारतातून कोणी आलं की सगळ्यांचं सर्किट ठरलेलं असतं, डीसीची म्युझियम्स, माउंट व्हर्नन, लुरेच्या गुहा, मग जमलं तर नायगारा. यावेळी साताऱ्याहून माझे बाबा आलेत, हायस्कूलला इतिहास शिकवायचे, माउंट व्हर्नन त्यांनी मागच्या खेपेला बघितलंय, त्यामुळे ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला मी वेस्टमोरलंड काउंटीचा प्लॅन काढला. फ्रेडरिक्सबर्गच्या पूर्वेला पोटोमॅक आणि रॅपाहॅनक या दोन नद्यांच्या मधे जी जमिनीची लांबट पट्टी आहे तिला नॉर्दर्न नेक म्हणतात, त्यातली ही एक काउंटी. वस्ती जेमतेम साडेअठरा हजार, मोठं शहर एकही नाही, सगळी शेती, जंगल आणि खाड्या. पण पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन इथला, पाचवा अध्यक्ष मन्रो इथला, सिव्हिल वॉरमधला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली इथला, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर, म्हणजे डिक्लरेशन ऑफ इंडिपेंडन्सवर सह्या करणारे सख्खे भाऊ एकच जोडी, तेही इथलेच. एवढ्याशा जागेत एवढं सगळं, तरी आपल्यातलं कोणी फारसं जात नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

शुक्रवार

नवऱ्याचं काम संपवून निघेपर्यंत चार वाजले आणि आय-९५ ला शुक्रवारचा ट्रॅफिक, फ्रेडरिक्सबर्गपर्यंत नुसतं रखडत गेलो. तिथून रूट ३ ला लागलं की मात्र एकदम सगळं बदलतं, दुकानं संपतात, घरं लांब लांब होतात, दोन्ही बाजूला सोयाबीन पिवळा पडलेला, मका काढून झालेला, मधेच एखादं पांढरं लाकडी चर्च. बाबा खिडकीतून बघत होते ते म्हणाले, इथे तर आपल्यासारखंच सोयाबीन आहे की गं. तीनशे वर्षांपूर्वी मात्र या सगळ्या रानात तंबाखू होता आणि ही मोठी घराणी, मोठ्या विटांच्या हवेल्या, सगळं त्या तंबाखूवर उभं राहिलेलं आहे. तंबाखू इतका चालायचा की पगार, कर, चर्चच्या पाद्र्याचं मानधन, सगळं तंबाखूच्या पौंडात मोजायचे. हे पीक जमिनीचा कस दोन-चार वर्षांत ओढून घेतं, मग नवीन जंगल तोडायचं, नवीन जमीन घ्यायची, आणि कामाला माणसं हवीत. आधी इंग्लंडहून कराराने बांधलेले गरीब नोकर आणले, १७०० च्या आसपास त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं जास्त झाली.

जमीन कोणाची होती तेही सांगते. १६४९ साली इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, तेव्हा त्याच्या हातात गादीही नव्हती, परदेशात पळून राहिलेला, त्याने या दोन नद्यांमधला सगळा प्रदेश आपल्या सात समर्थकांना कागदावर देऊन टाकला. इथे राहणाऱ्या अल्गॉन्क्वियन भाषा बोलणाऱ्या लोकांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्यांची नावं तेवढी उरली, पोटोमॅक, रॅपाहॅनक, नोमिनी, मचोडक, याकोमिको, सगळी नद्या-ओढ्यांना. काउंटी झाली १६५३ साली.

राहायला वेस्टमोरलंड स्टेट पार्कमधली केबिन घेतली होती. व्हर्जिनियाने १९३६ साली जी पहिली सहा स्टेट पार्क उघडली त्यातलं हे एक, मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना कामाला लावून सरकारने रस्ते आणि केबिन्स बांधून घेतल्या होत्या. त्यावेळी ही पार्क फक्त गोऱ्यांसाठी होती हेही लक्षात ठेवायला हवं. केबिनमधे किचन असतं त्यामुळे कुकर नेला होता, मुगाची खिचडी, घरून आणलेलं मेतकूट, लोणचं, आणि झोपलो.

शनिवार

सकाळी पोप्स क्रीक, वॉशिंग्टनचं जन्मस्थान. पार्कपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. गेटजवळच ग्रॅनाइटचा उंच खांब आहे, साधारण पन्नास फुटी, म्हणजे डीसीच्या वॉशिंग्टन मॉन्युमेंटची एक दशांश प्रतिकृती, १८९६ चा. तिथून पुढे झाडांतून नदीकाठाकडे चालत जायचं.

जॉर्ज वॉशिंग्टन इथे २२ फेब्रुवारी १७३२ ला जन्मला. बाबांनी तारीख ऐकली आणि लगेच म्हणाले, अगं शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीतली, म्हणजे महिनाभर आधी. मग आम्ही दोघं तिथेच उभं राहून हिशोब करत बसलो, पुण्यात बाजीरावांचं सगळं भरात होतं तेव्हा इथे या खाडीकाठी एका मध्यम शेतमालकाच्या घरी हे पोर जन्मलं. लेकीने चौथीत व्हर्जिनिया स्टडीज केलंय, तिला वॉशिंग्टन पाठ होता, पण आजोबांच्या तोंडून दोन्हीकडचं एकत्र ऐकल्यावर ती जास्त लक्ष द्यायला लागली.

आता घर. तिथे विटांचं एक छान टुमदार घर उभं आहे, समोर औषधी वनस्पतींची बाग, बाजूला वेगळं स्वयंपाकघर, आणि बघितल्याबरोबर वाटतं की हेच ते. ते नाही. मूळ घर १७७९ च्या ख्रिसमसच्या दिवशी जळून गेलं. पुढे १८१५ साली वॉशिंग्टनच्या सावत्र नातवाने येऊन अंदाजाने एक दगड ठेवला, आणि मग १९२३ साली जोसेफीन व्हीलराइट रस्ट नावाच्या बाईंनी संस्था काढून पैसे जमवले, द्विशताब्दी १९३२ ला होती त्याआधी तिथे स्मारक-घर उभं केलं. मूळ घराचं चित्र नाही, नकाशा नाही, त्यामुळे त्या काळच्या श्रीमंत घराची कल्पना करून बांधलं, विटा मात्र तिथल्याच मातीच्या, हाताने पाडलेल्या. आणि बांधकामाच्या सुमारासच शेजारी जमिनीखाली एका मोठ्या घराचा जुना पाया सापडला. आज त्या पायाची रेघ गवतावर ऑयस्टरच्या शिंपल्यांचा चुरा पसरून दाखवलीय, इंग्रजी यू अक्षरासारखी. मला विचाराल तर त्या पांढऱ्या रेघेपाशी जास्त वेळ थांबा. सजवलेल्या घरात पलंग, टेबलं, चरखा सगळं आहे, पण रेघेच्या आत उभं राहिलं की खोल्या किती छोट्या, नदी किती जवळ, हे आपोआप कळतं.

वॉशिंग्टन इथे जेमतेम साडेतीन वर्षं राहिला. त्याच्या वडलांच्या या शेतावर वीस-पंचवीस गुलाम माणसं काम करायची. वडील १७४३ साली वारले तेव्हा अकरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला वारसाहक्काने दहा माणसं आली. लेकीचं वय साधारण तेवढंच. तिने दोनदा विचारलं, माणसं म्हणजे खरी माणसं? हो बाळा, खरी.

खाली जुन्या पद्धतीचं शेत ठेवलंय, जुन्या जातीची डुकरं, मेंढ्या, आणि तंबाखूची पानं वाळत टांगलेली. कोरेगावकडच्या आमच्या मामांनी काही वर्षं तंबाखू केला होता त्यामुळे बाबांना खुडणी, शेंडा मोडणं, पानाला चिकट लागणं सगळं माहिती, ते तिथल्या रेंजरशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत अर्धा तास बोलत होते आणि त्या माणसानेही मनापासून उत्तरं दिली. पार्कला एंट्री फी नाही. नदीकाठचा छोटा बीच आहे तिथे पोटोमॅक इतकी रुंद आहे की पलीकडचा मेरीलँड म्हणजे नुसती निळी रेघ.

दुपारी मॉन्ट्रॉस, काउंटीचं मुख्य गाव, पण गाव म्हणजे एक रस्ता, कोर्ट, बँक, दोन-चार दुकानं. कोर्टासमोर छोटंसं काउंटी म्युझियम आहे आणि आत एक चित्र आहे ज्यासाठी मी मुद्दाम गेले होते, विल्यम पिट या इंग्लिश पुढाऱ्याचं माणसापेक्षा मोठं चित्र, अंगावर रोमन झगा, १७६८ चं. चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने तरुणपणी लंडनला शिकत असताना काढलेलं. ते या खेड्यात कशाला, तर १७६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्टॅम्प ॲक्ट आणला, प्रत्येक कायदेशीर कागदावर, वर्तमानपत्रावर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर, त्यावर इथे प्रचंड चिडाचीड झाली, पिटने पार्लमेंटात वसाहतींची बाजू घेतली आणि कायदा पुढच्या वर्षी मागे घेतला, म्हणून वेस्टमोरलंडच्या जमीनदारांनी वर्गणी काढून त्याचं चित्र मागवलं.

आणि याच मॉन्ट्रॉसच्या कोर्टापुढे १७६५ च्या सप्टेंबरमधे रिचर्ड हेन्री लीने, म्हणजे डिक्लरेशनवर सही करणाऱ्या त्या दोन भावांतल्या एकाने, निषेधाची मिरवणूक काढली होती, स्टॅम्प विकायची नोकरी घेतलेल्या माणसाचा पुतळा फाशी दिला. या मिरवणुकीत सोंगं घेऊन चालणारे होते लीचे स्वतःचे गुलाम. "आम्हाला गुलाम करू नका" अशा अर्थाच्या घोषणेच्या मिरवणुकीत त्या माणसांना काय वाटलं असेल हे मी तेव्हापासून डोक्यातून काढू शकलेले नाही. ली साधा माणूस नव्हता हे पण सांगते, १७५९ साली विधानसभेतलं त्याचं पहिलंच भाषण गुलामांची आयात रोखायच्या बाजूने होतं. पण स्वतःकडच्यांना त्याने सोडलं नाही.

म्युझियम अर्ध्या-पाऊण तासात होतं. गावातच आर्मस्टेड टी. जॉन्सन हायस्कूलची जुनी इमारत आहे, ती बाहेरून बघितली. १९३७ ची, या काउंटीतल्या ब्लॅक मुलांसाठीचं पहिलं हायस्कूल. समाजाने स्वतः पैसे जमवून, वर्षानुवर्षं मागे लागून मिळवलेलं. आणि इमारत बघा कशी, विटांची, पांढऱ्या खिडक्या, सरळ सममित, म्हणजे अगदी त्याच वसाहतकाळच्या हवेल्यांच्या वळणाची. वॉशिंग्टनचं स्मारक-घर १९३१, स्टेट पार्क १९३६, हे १९३७. काउंटी आपला भूतकाळ विटांत परत उभा करत होती त्याच वर्षांत ज्यांच्या पूर्वजांनी जुन्या विटा भाजल्या होत्या ते लोक आपल्या पोरांसाठी दहावी-बारावीचे वर्ग मागत होते. मला या सगळ्या ट्रिपमधली ही इमारत सगळ्यात जवळची वाटली. आमच्याकडे रयतच्या शाळा गावोगाव लोकांच्या धान्यावर आणि मजुरीवर उभ्या राहिल्या, बाबांची अख्खी नोकरी रयतमधे झाली, ते तिथे फुटपाथवर टोपी काढून उभे राहिले होते.

रविवार

सकाळी लवकर पार्कमधल्या फॉसिल बीचवर. हॉर्सहेड क्लिफ्स म्हणून मातीचे उंच कडे आहेत, झिजतात आणि त्यातून दीड कोटी वर्षांपूर्वीचे शार्कचे दात वाळूत येऊन पडतात. लेकीला दोन मिळाले. कड्यांच्या जवळ जाऊ नका, माती कोसळते, तशी पाटी पण आहे.

मग स्ट्रॅटफर्ड हॉल, आणि इथे अख्खा दिवस जातो, तसाच ठेवा. ली घराण्याची हवेली. आधीचं घर मचोडकला होतं ते १७२९ साली आग लावून जाळलं गेलं, तेव्हा आळ शिक्षा होऊन आलेल्या नोकरांवर आला, थॉमस ली कसाबसा बायकापोरांसह बाहेर पडला. त्यानंतर १७३० च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्याने हे बांधलं. वरून बघितलं तर इंग्रजी एच अक्षर, दोन्ही बाजूंना चार-चार धुराड्यांचे घट्ट जुडगे, आणि मधल्या दांडीत ग्रेट हॉल, २९ फूट लांब २९ फूट रुंद, चारी बाजूने उजेड. फोटोत ते घर जरा बोजड वाटतं. समोर उभं राहिल्यावर मात्र विटांचा रंग, खालच्या मजल्याच्या मोठ्या विटा आणि वरच्या बारीक, सगळं इतकं दमदार आहे की नवरा, ज्याला जुन्या घरांत काही रस नसतो, तो पण गप्प बघत राहिला.

थॉमस लीची दोन मुलं, रिचर्ड हेन्री आणि फ्रान्सिस लाइटफुट, दोघांच्या सह्या डिक्लरेशनवर आहेत, आणि ७ जून १७७६ ला वसाहती स्वतंत्र आहेत हा ठराव काँग्रेसपुढे मांडला तो रिचर्ड हेन्रीने. पुढच्या पिढीत हेन्री ली, क्रांतियुद्धातला घोडदळाचा नावाजलेला अधिकारी, लाइट-हॉर्स हॅरी म्हणायचे त्याला, तो या घरात जावई म्हणून आला आणि जमिनीच्या सट्ट्यात इतका बुडाला की १८०९ साली कर्जापायी मॉन्ट्रॉसच्या तुरुंगात गेला. त्याचा मुलगा रॉबर्ट १९ जानेवारी १८०७ ला इथे जन्मला, पुढे सिव्हिल वॉरमधे दक्षिणेचा सेनापती झाला तो. चार वर्षांचा व्हायच्या आसपासच कुटुंब घर सोडून अलेक्झांड्रियाला गेलं. मुलांच्या खोलीत शेकोटीमागे ओतीव लोखंडाची पाटी आहे, त्यावर दोन पंखवाले बालदेवदूत, छोटा रॉबर्ट जाताना त्यांचा निरोप घेऊन गेला असं सांगतात. हवेली १८२२ साली घराण्याच्या हातून गेली आणि १९२९ साली रॉबर्ट ई. लीच्या नावाच्या संस्थेने स्मारक म्हणून विकत घेतली.

म्हणजे सुरुवातीला लोक इथे यायचे ते जनरल लीसाठी. आता टूरमधे तसं नाही हे मला आवडलं. आमच्या गाइड बाईंनी घर दाखवताना प्रत्येक खोलीत तिथे कोण काम करायचं ते सांगितलं, वरच्या मजल्यावर पाणी कोण चढवायचं, रात्री पोरांच्या खोलीत जमिनीवर कोण झोपायचं. बाहेरचं स्वयंपाकघर बघा, चूल इतकी मोठी की आत माणूस उभा राहील. मग धुरी द्यायचं मांसाचं घर, तबेले, गुलामांची घरं. बाबा गुलामांच्या घरात बराच वेळ होते. बाहेर आल्यावर म्हणाले, आम्ही शाळेत अमेरिकन राज्यक्रांती शिकवायचो, कारणं लिहा आठ मार्क, त्यात कर होते, चहा होता, हे एका ओळीत पण नव्हतं.

त्यानंतर चालत नदीच्या कड्यापर्यंत गेलो, खाली पाणचक्की आहे, तिथपर्यंत गाडी जाते. तंबाखू भरलेले मोठे लाकडी पिंप, एकेकात हजार पौंडाच्या आसपास माल, ते लोटत लोटत काठावर न्यायचे आणि तिथूनच जहाज थेट लंडनला. मधे कुठलं शहर नाही, बाजारपेठ नाही. ही काउंटी आजही एवढी मोकळी का राहिली त्याचं बरंचसं उत्तर इथे उभं राहून कळलं, प्रत्येक जमीनदाराचा स्वतःचा धक्का होता तर शहराची गरजच कोणाला पडणार.

संध्याकाळी कलोनियल बीच, नदीकाठचं सुट्टीचं गाव. नावात कलोनियल असलं तरी गाव वसलं ते १९व्या शतकाच्या शेवटी, डीसीहून बोटी भरभरून लोक यायचे. रस्त्यांवर गोल्फ कार्ट फिरतात, मोकळी वाळू आहे. इथली एक गोष्ट वसाहतकाळातूनच आलीय. १६३२ साली इंग्लंडच्या राजाने मेरीलँडची सनद दिली त्यात पोटोमॅकची हद्द व्हर्जिनियाच्या काठापर्यंत धरली, म्हणजे नदीचं पाणी सगळं मेरीलँडचं. मग १९४९ साली मेरीलँडच्या त्या भागात स्लॉट मशीन कायदेशीर झाल्यावर लोकांनी या काठावरून पाण्यात लांब धक्के बांधले आणि धक्क्यावर कॅसिनो टाकले, पाय व्हर्जिनियात, जुगार मेरीलँडमधे, १९५८ पर्यंत जोरात चाललं. ऑयस्टरवरून दोन्ही राज्यांत तर गोळीबार व्हायचे, १९५९ साली एक जण मेला, मग १९६२ मधे दोघांनी मिळून नदीचं मत्स्य कमिशन केलं. १६३२ च्या त्या एका कागदाचा हा परिणाम. आम्ही क्रॅब केक खाल्ले, बाबांना शाकाहारी म्हणून फ्राइज आणि कोलस्लॉ, ते त्यावर खूश होते.

गावाबाहेर जेम्स मन्रोचं जन्मस्थान आहे, पाचवा अध्यक्ष, १७५८ चा जन्म. जुना पाया उत्खननात सापडला होता, ५८ बाय २० फूट, त्यावरून आता साधं लाकडी घर परत बांधलंय. स्ट्रॅटफर्डनंतर हे लगेच बघा, म्हणजे तेव्हाचा सर्वसाधारण बरा शेतकरी कसा राहायचा आणि ली कसे राहायचे हा फरक डोळ्यांना दिसतो.

सोमवार

सामान गाडीत टाकून पूर्वेकडे काउंटीतल्याच हेग गावाच्या बाजूला गेलो, हा भाग अजूनच एकाकी. याकोमिको चर्च १७०६ चं, झाडीत, विटांच्या कुंपणाच्या आत. त्याचा दरवाजा बघण्यासारखा, जाड लाकडाचा मोठा दरवाजा आणि त्यातच कापलेला छोटा दरवाजा. आपल्या वाड्यांना दिंडी दरवाजा असतो तसाच, बाबा लगेच म्हणाले अरे दिंडी! तो विटांच्या चर्चच्याही आधीच्या, १६५५ च्या लाकडी चर्चचा म्हणतात. जवळच शेतात बर्न्ट हाउस फील्ड, ते जळालेलं मचोडकचं घर होतं तिथे आता कुंपणात ली घराण्याची थडगी आहेत, रिचर्ड हेन्री लीचं पण. चारी बाजूला सोयाबीन.

आणि मग नोमिनी हॉल, ज्यासाठी मी खरं तर ही काउंटी निवडली.

रॉबर्ट कार्टर, तिसरा, इथला सगळ्यात श्रीमंत माणूस. हजारो एकर जमीन, विल्यम्सबर्गला राज्यपालाच्या मंडळात खुर्ची, घरात ऑर्गन, हार्प्सिकॉर्ड, हजाराहून जास्त पुस्तकं. १७७३-७४ मधे त्याच्या पोरांना शिकवायला राहिलेल्या तरुण मास्तरने डायरी ठेवली होती, त्यात लिहिलंय की या भागात गुलामांशी सगळ्यात माणुसकीने वागणारा हाच, आणि तो काय द्यायचा तर माणशी आठवड्याला एक पेक मका, म्हणजे साधारण नऊ लिटर, आणि एक पौंड मांस. चांगल्यातला चांगला मालक तो हा.

या माणसात पुढे बदल झाला. आजारपणात त्याला काही धार्मिक साक्षात्कार झाला, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात गेला, जिथे गोरे-काळे एका जागी बसून प्रार्थना करत तिथे जाऊन बसायला लागला. व्हर्जिनियाने १७८२ साली मालकाला खासगीत गुलाम मुक्त करायची परवानगी दिली होती, त्या कायद्याचा आधार घेऊन ५ सप्टेंबर १७९१ ला त्याने कोर्टात दानपत्र दाखल केलं. साडेचारशेहून जास्त माणसांची यादी, एकेकाचं नाव, वय, कुठल्या शेतावर. एकदम सगळ्यांना नाही, दरवर्षी पंधरा-पंधरा, मुलं वयात येतील तशी. सिव्हिल वॉरच्या आधी अमेरिकेत एका मालकाने केलेली ही सगळ्यात मोठी मुक्तता. शेजाऱ्यांनी शिव्या घातल्या, मुलं विरोधात गेली, जमिनी कुळं म्हणून मुक्त झालेल्यांना द्यायला लागला तेव्हा तर आणखीच. शेवटी १७९३ मधे तो बाल्टिमोरला निघून गेला आणि पुढचं काम बेंजामिन डॉसन या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या हवाली केलं, त्याने कोर्टात भांडून भांडून ते चालू ठेवलं. १८०६ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडायचं, म्हणजे सुटलेला माणूस आईबापाला, बायकोला मागे ठेवून जाणार. तरी लोक सुटत राहिले.

कार्टर १८०४ मधे वारला, प्रेत नोमिनी हॉलला आणून पुरलं, वर दगड नाही. हवेली १८५० साली जळाली. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्यूलिप पॉप्लरची रांग होती त्यातली थोडी जुनी झाडं आहेत. बाकी बघायला काही नाही, जागा खासगी आहे, आपण सार्वजनिक रस्त्यावर गाडी थांबवायची, माहितीची पाटी वाचायची.

आम्ही वाचली. लेक म्हणाली, याचं घर का नाही बांधलं परत? वॉशिंग्टनचं तर चित्र नसताना बांधलं. मला वाटतं तिने बरोबर जागी बोट ठेवलं. १९२०-३० च्या दशकात पैसे जमवणारे लोक कोणाची आठवण ठेवायची ते ठरवत होते, आणि सगळ्या सरदारांमधला जो एकटा "हे करता येतं" म्हणून करून दाखवून गेला तो त्यांना नको होता, कारण तो असला की बाकीच्यांचं "तेव्हा काळच तसा होता" टिकत नाही. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात सोडले, जेफरसनने मोजके सोडले, याने जिवंतपणी, शेजारपाजाऱ्यांचा राग अंगावर घेऊन. आणि मला घरापेक्षाही त्या यादीचं महत्त्व वाटतं. साडेचारशे माणसांची नावं आणि वयं त्यात आहेत, आज त्यांचे वंशज त्यावरून आपलं घराणं शोधतात. या काउंटीत स्मारक करायचंच तर त्या नावांचं करावं, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना वाचता येईल असं.

परतीला रूट ३ वरून ओक ग्रोव्हजवळ डावीकडे वळून लीड्सटाउन केलं, रॅपाहॅनकच्या काठी. २७ फेब्रुवारी १७६६ ला इथे ११५ जणांनी स्टॅम्प ॲक्टविरुद्ध ठरावावर सह्या केल्या, म्हणजे डिक्लरेशनच्या दहा वर्षं आधी, मसुदा रिचर्ड हेन्री लीचाच. दुसऱ्या दिवशी हे लोक नदीपलीकडे टॅपाहॅनकला गेले आणि स्टॅम्प वापरणार म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडून भर रस्त्यात माफीनामा लिहून घेतला. तेव्हा गजबजलेलं बंदर होतं, आता नदी, झाडं आणि एक शिळा. पंधरा मिनिटं पुरतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं. केबिन ऑक्टोबरसाठी बऱ्याच आधी बुक करावी लागते. स्ट्रॅटफर्डला तिकीट आहे, घर आतून फक्त टूरबरोबर दिसतं, वेळ आधी बघून जा. मॉन्ट्रॉसची म्युझियम्स छोटी आहेत, रोज उघडी नसतात, फोन करून जा, आणि जॉन्सन स्कूल आतून बघायला मिळालं तर अजिबात सोडू नका, आम्ही वसंतात त्यासाठी परत जाणार आहोत. हेगच्या बाजूला मोबाइलला रेंज जाते, नकाशा डाउनलोड करून ठेवा. आणि मोठी माणसं बरोबर असतील तर पोप्स क्रीक आणि स्ट्रॅटफर्ड एका दिवसात कोंबू नका.